नवा अल्बम, नवी टूर: सेटलिस्टमध्ये नवी गाणी किती हवीत?

रिफवेडा

बँड टूरवर निघतो तो नव्या अल्बमच्या नावाने. पोस्टरवर नवा अल्बम, टी-शर्टवर नवा अल्बम, मंचाचे रंगसुद्धा त्याच मुखपृष्ठाचे. आणि सेटलिस्ट, म्हणजे त्या रात्री वाजणाऱ्या गाण्यांची यादी, बघावी तर नवी गाणी तीन, जुनी तेरा. मला हे मनापासून खटकतं. इथे लाइव्ह संगीत कान देऊन ऐकणारी बरीच मंडळी आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

बहुतेकांच्या माहितीतलं उदाहरण मेटॅलिका या मेटल बँडचं. ‘७२ सीझन्स’ १४ एप्रिल २०२३ला आला आणि २७ एप्रिलला ॲमस्टरडॅमच्या योहान क्रायफ अरेनातून ‘एम७२’ टूर सुरू झाली. कल्पना धाडसी होती. एका शहरात दोन रात्री वाजवायचं आणि पहिल्या रात्रीचं एकही गाणं दुसऱ्या रात्री घ्यायचं नाही. मैदानाच्या मधोमध कड्यासारखा गोल मंच, कड्याच्या आतल्या मोकळ्या जागेतही प्रेक्षक. ॲमस्टरडॅमला पहिल्या रात्री ‘ओरायन’पासून ‘मास्टर ऑफ पपेट्स’पर्यंत सोळा गाणी झाली. त्यात नवी तीन: ‘लक्स इटर्ना’, ‘स्क्रीमिंग सुइसाइड’ आणि ‘स्लीपवॉक माय लाइफ अवे’. दुसऱ्या रात्री पुन्हा तीन: ‘७२ सीझन्स’, ‘इफ डार्कनेस हॅड अ सन’, ‘यू मस्ट बर्न’. म्हणजे दोन्ही रात्रींची तिकिटं काढणाऱ्यालाही बारापैकी सहाच गाणी मिळाली. अल्बम ज्यावर संपतो ते अकरा मिनिटांचं ‘इनामोराटा’ टूरच्या सुरुवातीला कुठेच नव्हतं.

बरं, हा अल्बम सुट्या गाण्यांची मोट नाही. माणसाची पहिली अठरा वर्षं म्हणजे बहात्तर ऋतू. त्या वर्षांत आपल्याबद्दल जे मनावर ठसवलं जातं ते पुढे जन्मभर कसं सोबत येतं, हा त्याचा गाभा. त्यातली तीन गाणी उचलून जुन्या गाण्यांमध्ये पेरली की गाणी ऐकू येतात, पण अल्बम काय म्हणतोय ते हरवतं.

माझं म्हणणं असं की टूरच्या पहिल्या टप्प्यात तरी निम्मा अल्बम एका रात्रीत वाजायला हवा. कारण स्टुडिओतून बाहेर पडलेलं गाणं पुरतं तयार झालेलं नसतं. नाटक पंधरा-वीस प्रयोगांनंतर अंगात मुरतं, तसंच आहे हे. पिंक फ्लॉइडने ‘द डार्क साइड ऑफ द मून’ २० जानेवारी १९७२ला ब्रायटनच्या मंचावर आणला, रेकॉर्ड निघाली मार्च १९७३मध्ये. पहिल्या रात्री तांत्रिक बिघाडामुळे ‘मनी’ सुरू असताना थांबावं लागलं. तरी ते वर्षभर वाजवत राहिले. आज ‘ऑन द रन’ म्हणून आपण जे सिंथेसायझरचं धावतं चक्र ऐकतो, त्या जागी तेव्हा गिटार आणि कीबोर्डचं मोकळं वादन होतं. ‘द ग्रेट गिग इन द स्काय’च्या जागी ऑर्गनवर धर्मग्रंथातले उतारे ऐकवले जायचे. गायिका क्लेअर टोरीचा तो आवाज आला जानेवारी १९७३मध्ये, रेकॉर्डिंग संपत आल्यावर. प्रेक्षकांसमोर वर्षभर घासूनपुसून झाल्यावर अल्बमला त्याचं रूप मिळालं. ही संधी आजचे मोठे बँड स्वतःला देतच नाहीत, असं मला वाटतं.

तुमचं मत काय?

जुनी_कॅसेट

लेख आवडला, मुद्दा पटला नाही.

मोठ्या बँडचा कॉन्सर्ट बहुतेक लोकांच्या वाट्याला आयुष्यात एकदा येतो. जे गाणं वयाच्या पंधराव्या वर्षी डोक्यात शिरलं, ते हजारो अनोळखी माणसांबरोबर एकदा मोठ्याने गायचं असतं. ही इच्छा आळशी श्रोत्याची नाही. त्या माणसाने ते गाणं इतकी वर्षं सांभाळलं आहे.

आणि पहिल्यांदा ऐकलेलं गाणं लाइव्ह पोहोचतच नाही, याचा दाखलाही आहे. लेड झेपेलिनने ‘स्टेअरवे टू हेवन’ सगळ्यात आधी ५ मार्च १९७१ला बेलफास्टच्या अल्स्टर हॉलमध्ये वाजवलं. अल्बम नोव्हेंबरात आला. त्यांचा बासवादक जॉन पॉल जोन्सने नंतर सांगितलंय की लोक कंटाळले होते, ओळखीचं काहीतरी कधी वाजतंय याची वाट बघत होते. ‘स्टेअरवे’ची ही गत, तर बाकीच्यांचं काय? आधी रेकॉर्ड ऐकू द्या, गाणं मुरू द्या, पुढच्या टूरला वाजवा.

मागची_रांग

जुनी_कॅसेट यांच्याशी सहमत. तीन नवी गाणी पुरेत. तीही तुकड्यातुकड्याने यावीत, सलग नकोत.

रिफवेडा

@जुनी_कॅसेट, बेलफास्टचा दाखला मला माझ्या बाजूचा वाटतो. लोक कंटाळले म्हणून त्यांनी ते सेटमधून काढलं नाही. अल्बम येईपर्यंतचे सगळे महिने वाजवत राहिले. तुमच्या नियमाने ते गाणं पुढच्या टूरपर्यंत मंचावर आलंच नसतं.

रेडिओहेडचंही तसंच. ‘इन रेनबोज’ ऑक्टोबर २००७मध्ये आला, पण त्यातली बरीच गाणी २००६च्या टूरमध्ये लोकांसमोर तपासून झाली होती. ‘न्यूड’ तर १९९८पासून मंचावर अधूनमधून डोकावत होतं. आता अडचण अशी की पहिल्यांदा वाजलेलं गाणं त्याच रात्री कुणाच्या तरी फोनवरून जगभर जातं. आवाज फाटलेला, बास गायब, आणि त्यावरूनच गाण्याचा निकाल लागतो. बँड बिचकतात ते समजू शकतो.

कन्सोलकाठी

मी साउंडच्या कामात आहे, बँडच्या बाजूने थोडं सांगतो. सेटलिस्ट ठरते ती फक्त आवडीने नाही.

मोठ्या टूरमध्ये ड्रमरच्या कानात क्लिक, म्हणजे लय धरून ठेवणारी टिकटिक, असतो. बऱ्याच शोमध्ये त्याच क्लिकसोबत टाइमकोड (गाणं कुठवर आलं ते यंत्रांना सांगणारा संकेत) धावतो आणि त्याला दिवे, पडद्यावरची दृश्यं, कधी आतषबाजी बांधलेली असते. गाणं बदललं की हे सगळं बदलतं. कोणत्या गाण्याला कोणती गिटार, तिचं ट्यूनिंग काय, ती गिटार टेक्निशियनने कधी हातात द्यायची, सगळं क्रमाने लिहिलेलं असतं. नवं गाणं घ्यायचं म्हणजे प्रॉडक्शन रिहर्सलमध्ये तेवढा वेळ द्यावा लागतो. ‘एम७२’मध्ये दोन रात्रींची गाणी वेगळी, म्हणजे ही तयारी दुप्पट. शिवाय गोल मंचामुळे चार ड्रमसेट. ड्रमर लार्स अल्रिक ठरावीक गाण्यांनंतर कड्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसतो. चारही सेटचे माइक, चारही जागांचं मॉनिटरिंग (वादकाला स्वतःचा आवाज ऐकू येण्याची सोय) तयार ठेवायचं. जेम्स हेटफील्डही कड्यावर फिरत वेगवेगळ्या माइकवर गातो. इतकं असताना त्यांनी रात्रीला तीन नवी गाणी घेतली हे मला कमी वाटत नाही.

आता खरा मुद्दा, जो यात सहसा कुणी बोलत नाही. स्टेडियममध्ये नवं गाणं ऐकूच कमी येतं.

आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मंचापासून शंभर मीटरवर उभे असाल तर स्नेअर ड्रमवर काठी पडलेली आधी दिसते आणि थेट येणारा आवाज जवळजवळ पाव ते एक तृतीयांश सेकंदाने पोहोचतो. म्हणून दूरच्या लोकांसाठी वेगळे स्पीकर लावून त्यांना तेवढा विलंब देतात. ‘एम७२’ला तर मंचाभोवती आठ उंच मनोरे उभे केले, स्पीकर आणि पडदे त्यांवरच. तरीही काँक्रीटच्या वाटीत, त्यात छत बंद असेल तर जास्तच, खालचे सूर घुमत राहतात. दोन्ही पायांनी वाजवलेला वेगवान डबल बास ड्रम आणि तळव्याने तारा दाबून (पाम म्यूट) वाजवलेली रिफ, म्हणजे गिटारची पुन्हा पुन्हा येणारी धून, एकमेकांत मिसळून एक गडगडाट होतो.

ओळखीच्या गाण्यात हे खटकत नाही, कारण हरवलेले सूर तुमचा मेंदू भरून काढतो. ‘एंटर सँडमन’ची रिफ तुम्हाला पाठ आहे, निम्मी ऐकू आली तरी पूर्ण वाटते. नव्या गाण्यात भरून काढायला आठवणीच नसतात, म्हणून तेच गाणं, तोच बँड, तीच रात्र असूनही ते सपाट लागतं. लोक म्हणतात नवी गाणी दमदार नाहीत. बऱ्याचदा ती त्यांच्यापर्यंत पोहोचलेलीच नसतात.

यावर बँड करतात काय, तर नवी गाणी निवडताना मध्यम लयीची, मोकळ्या रिफची, कोरस लवकर येणारी निवडतात. गायकाच्या आवाजाचाही हिशेब असतो. स्टुडिओत एकेक ओळ विश्रांती घेऊन गाता येते, मंचावर दोन तास सलग गायचं असतं आणि एका दिवसाआड पुन्हा. उंच पट्टीतली दोन नवी गाणी लागोपाठ ठेवली तर शेवटच्या चार गाण्यांना आवाज उरत नाही.

सप्तक

@कन्सोलकाठी, हा प्रतिसाद जपून ठेवला आहे. माझ्यासाठी बरंच काही उलगडलं.

म्हणजे अल्बम आधी नीट ऐकून जाणाऱ्याला तीच जागा, तेच तिकीट असूनही जास्त ऐकू येतं!

कन्सोलकाठी

अगदी तसंच.

एडीचा_शिपाई

आयर्न मेडनचं नाव अजून कसं आलं नाही? रिफवेडा यांना जे हवंय ते मेडनने करून दाखवलंय, तेही मोठ्या सभागृहांमध्ये.

‘अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ’ ऑगस्ट २००६मध्ये आला. दहा गाणी, बहात्तर मिनिटं. ऑक्टोबरात अमेरिकेत टूर सुरू झाली आणि बँडने अख्खा अल्बम, पहिल्या गाण्यापासून दहाव्यापर्यंत, त्याच क्रमाने वाजवला. सवा तास फक्त नवं! त्यानंतर ‘फिअर ऑफ द डार्क’, ‘आयर्न मेडन’, ‘हॅलोड बी दाय नेम’ अशी मोजकी जुनी. लोक चिडले, भांडले, जुनी गाणी मागत राहिले. बँड अमेरिका, जपान, युरोप हा टप्पा संपेपर्यंत ढळला नाही.

हे त्यांना जमलं त्यामागे एक कारण आहे. हा अल्बम स्टुडिओत बराचसा सगळ्यांनी एकत्र उभं राहून वाजवत रेकॉर्ड झाला होता, आणि आवाज अंगचाच राहावा म्हणून त्याचं मास्टरिंगही (आवाजावर फिरवायचा शेवटचा हात) केलं नाही. तीन गिटारी, बास, ड्रम, गायक. जे रेकॉर्डवर आहे ते सहा माणसं समोर वाजवू शकतात. थरावर थर चढवून केलेला अल्बम असता तर मंचावर उघडा पडला असता.

पुढे २००७च्या टप्प्यात त्यांनी नवी गाणी कमी केली, कारण ‘द नंबर ऑफ द बीस्ट’ला पंचवीस वर्षं होत होती. १७ मार्च २००७ला पॅलेस ग्राउंड्सवर बंगळुरूचा कॉन्सर्ट झाला तो या टप्प्यातला. मी होतो. सुरुवात ‘डिफरंट वर्ल्ड’ने, म्हणजे नव्या अल्बमच्याच पहिल्या गाण्याने झाली. आणि ‘फिअर ऑफ द डार्क’ला गिटारची धून सुरू झाल्याबरोबर मैदानाने ती शब्दांशिवाय गायला घेतली, गायक ब्रूस डिकिन्सनने माइक लोकांकडे धरला. शेजारी एक मुलगा डोळे मिटून गात होता, गालांवर पाणी, पुसायचंही भान नव्हतं. त्या संध्याकाळी आम्हाला अख्खा नवा अल्बम ऐकवला असता तर? प्रामाणिकपणे सांगतो, नको होतं. इतकी वर्षं वाट बघितलेल्या लोकांना आधी जुनंच द्यायला हवं होतं आणि बँडने ते ओळखलं.

म्हणून माझं मत मधलं आहे. जिथे बँड दर दोन-तीन वर्षांनी जातो तिथे अख्खा अल्बम वाजवा. जिथे पहिल्यांदाच जाताय तिथे लोकांची गाणी आधी.

जुनी_कॅसेट

@एडीचा_शिपाई, हे मला पूर्ण मान्य. कुठे वाजवताय त्यावर सेटलिस्ट ठरायला हवी. माझी अडचण सरसकट नियमाशी होती.

रिफवेडा

मलाही मान्य. पहिल्यांदा जाताय तिथे वेगळं, हे मी धाग्यात लिहायला हवं होतं असं वाटतंय. बाकी मेडनच्या २००६च्या निर्णयाबद्दल माझ्या मनात प्रचंड आदर आहे.

सप्तक

टूर जशी पुढे सरकते तसा नवा अल्बम सेटमधून कसा गळत जातो, हे यू२च्या ‘३६०’ टूरमध्ये स्पष्ट दिसतं. ‘नो लाइन ऑन द होरायझन’ २००९च्या सुरुवातीला आला. ३० जूनला बार्सिलोनाच्या कँप नोऊवर टूर सुरू झाली तेव्हा पहिली चार गाणी सलग नव्या अल्बममधली होती: ‘ब्रीद’, ‘नो लाइन ऑन द होरायझन’, ‘गेट ऑन युअर बूट्स’, ‘मॅग्निफिसंट’. चार पायांचा पन्नास मीटर उंच अवाढव्य सांगाडा, लाखभर माणसं, आणि सुरुवातीला एकही जुनं गाणं नाही. मला तो निर्णय फार शूर वाटतो.

मग २०१०च्या मे महिन्यात गायक बोनोच्या पाठीचं ऑपरेशन झालं, अमेरिकेतला टप्पा वर्षभर पुढे गेला. २०११मध्ये तोच सांगाडा, तेच टूरचं नाव, पण सुरुवात ‘इव्हन बेटर दॅन द रिअल थिंग’ने, म्हणजे १९९१च्या अल्बममधल्या गाण्याने. नव्या अल्बमची जेमतेम दोन-चार गाणी उरली होती. त्या टूरला बहात्तर लाखांहून जास्त लोक आले. कमाईचे विक्रम झाले. आणि ज्या अल्बमसाठी ती निघाली तो आज यू२च्या चाहत्यांच्याही ओठांवर फारसा नसतो. त्यातलं ‘मोमेंट ऑफ सरेंडर’ मात्र बहुतेक रात्री शेवटी वाजायचं, आणि शांत बसून ऐकावं असं ते गाणं आहे. ज्यांनी ऐकलं नसेल त्यांनी जरूर ऐका.

मागची_रांग

यात पैशाचा भाग मोठा आहे. पूर्वी टूर अल्बम विकण्यासाठी असायची. टूरमध्ये तोटा झाला तरी चालायचं, रेकॉर्डच्या विक्रीतून निघायचा. ‘द वॉल’चंच बघा. १९८०-८१मध्ये पिंक फ्लॉइडने मंचावर पुठ्ठ्याच्या विटांची भिंत कार्यक्रम चालू असताना रचली आणि शेवटी पाडली. हा खर्चिक प्रकार फक्त लॉस एंजेलिस, न्यूयॉर्कजवळ, लंडन आणि डॉर्टमुंड इतक्याच ठिकाणी झाला. बँडचं नुकसान झालं. पैसे मिळाले ते एकट्या कीबोर्डवादक रिक राइटला, कारण त्याला तोवर बँडमधून काढलेलं होतं आणि तो पगारावर वाजवत होता!

आता उलटं आहे. स्ट्रीमिंगमधून अल्बमला फार मिळत नाही, कमाई तिकिटांची. अल्बम हे टूर काढायला निमित्त. स्टेडियम भरायचं तर जुनी गाणी लागणारच. बँडला दोष देण्यात अर्थ नाही.

रिफवेडा

@मागची_रांग, हिशेब बरोबर आहे. पण ‘द वॉल’च्या त्या कार्यक्रमांत तर अख्खा नवा अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजला, जुनं काही नाही. आज त्या टूरचं नाव निघतं ते याच कारणाने. अल्बम निमित्त झालाय हे खरं असेल, तर त्याचं मला दुःख आहे. साठीतली माणसं पुन्हा खोलीत बसून नव्या रिफ शोधतात, शब्द लिहितात, त्यात आज काय सलतंय ते घालतात. ते निमित्त म्हणून करत नाहीत. ते ऐकायला मला जायचं असतं.

‘एम७२’च्या बाबतीत एक चांगलं सांगतो. दोन रात्रींच्या नियमामुळे ‘ओरायन’ आणि ‘द कॉल ऑफ क्टुलू’सारख्या शब्दांशिवायच्या लांब रचना कॉन्सर्टची सुरुवात म्हणून वाजल्या, ‘लेपर मेसाया’सारखं क्वचित वाजणारं गाणं आलं. ठरलेली गाणी दोन रात्रींत विभागली की जागा मोकळी होते, हे त्यांनी दाखवून दिलं. माझी तक्रार एवढीच की त्या मोकळ्या जागेत नव्या अल्बमला आणखी चार गाणी मिळाली असती.

नवश्रोता

फार माहितीपूर्ण धागा. मी लवकरच पहिल्या मोठ्या रॉक कॉन्सर्टला जातोय, बँडचा नवा अल्बम नुकताच आलाय. कन्सोलकाठी यांचा प्रतिसाद वाचून अल्बम आधी ऐकून जायचं ठरवलंय. अख्खा अल्बम पाठ करायला वेळ नाही. काय करावं? आणि उभं कुठे राहावं?

कन्सोलकाठी

टूर आधीच सुरू झाली असेल तर मागच्या चार-पाच रात्रींच्या सेटलिस्ट बघा. त्या नेटवर मिळतात. सगळ्या रात्री जी नवी गाणी आहेत तेवढीच निवडा आणि हेडफोनवर ऐका, फोनच्या स्पीकरवर नको, त्यात बास कळत नाही. पहिल्या वेळी शब्द सोडून द्या. फक्त ड्रम आणि बास कुठे बदलतात ते धरा. स्टेडियममध्ये शब्द निम्मे हरवतात, पण गाणं कुठे वळणार हे माहीत असेल तर तुम्ही त्याच्यासोबत राहता.

उभं राहायचं तर मैदानात मिक्सिंगचं कन्सोल जिथे असतं त्याच्या आसपास, शक्यतो त्याच्या थोडं पुढे. इंजिनियर तिथे ऐकूनच आवाज बसवत असतो, त्यामुळे तिथे सगळी वाद्यं सुटी आणि स्वच्छ लागतात. मंचाला चिकटून उभं राहिलात तर माणसं जवळून दिसतील, पण गाण्याचा तोल तिथे कळणार नाही. इअरप्लग मात्र नक्की न्या, संगीतासाठी बनवलेले. सगळ्या पट्ट्या सारख्या कमी करतात, त्यामुळे गायकाचा आवाज उलट जास्त स्पष्ट येतो.

एडीचा_शिपाई

आणि नवं गाणं सुरू झालं की फोन खिशात ठेवा. त्या चार मिनिटांत बँड तुमच्या चेहऱ्यांकडे बघत असतो. जुन्या गाण्याला लोक ओरडणार हे त्यांना ठाऊकच असतं.

नवश्रोता

धन्यवाद! सेटलिस्ट बघितल्या. पाच नवी गाणी रोज वाजतायत, त्यातलं एक सुरुवातीलाच. आज रात्रीपासून तेच घेतो.

रिफवेडा

पाच! कोणता बँड आहे ते लिहा, आणि ऐकून आलात की त्या पाचही गाण्यांबद्दल इथेच लिहा.